स्मोक अलार्म विनाकारण वाजतो : कारण कसे शोधावे, आणि तो खरोखर वाजला तर घरात कोणी काय करावे

आमच्या ठाण्याच्या घरात, सातव्या मजल्यावर, तीन स्मोक अलार्म आहेत. न्यू जर्सीला राहणाऱ्या माझ्या दिरांनी २०२२ च्या दिवाळीत येताना ते सोबत आणले होते. पहिल्या दीड वर्षात आग लागण्याचा प्रसंग सुदैवाने आला नाही, तरी अलार्म मात्र भरपूर वाजले. ते फोडणीला वाजले, थंडीत पहाटे चार वाजता वाजले, आणि जूनमध्ये तर घरात कोणी काहीही करत नसताना वाजले. २०२४ च्या मार्चमध्ये घराची साफसफाई करताना असे लक्षात आले की स्वयंपाकघराबाहेरच्या अलार्ममध्ये सेलच नाही. तो फ्रिजवरच्या डब्यात, रबरबँड आणि जुन्या किल्ल्यांच्या सोबतीने पडलेला होता. चौकशी केल्यावर सासूबाईंनी शांतपणे सांगितले, "अगं, मीच काढायला लावला त्याला. पापड भाजायची चोरी झाली होती घरात."

त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता, कारण विनाकारण वाजणाऱ्या अलार्मचे बहुतेक घरांत शेवटी हेच होते. वाईट एवढेच की अलार्म छतावर तसाच दिसत राहतो, आणि तो दिसतो म्हणून आपण निर्धास्त झोपतो. आमच्याकडे हा प्रकार निदान चार महिने चालला असावा. त्यानंतर मी कारणे शोधण्याचे मनावर घेतले. त्यातून जे हाती आले ते येथे क्रमाने मांडत आहे, कारण माझ्या परिचयातील किमान पाच-सहा घरांत हीच तक्रार आहे आणि सगळीकडे तिच्यावर सेल काढून ठेवणे हा एकच उपाय झालेला आहे.

आवाज आधी नीट ऐकावा

"अलार्म वाजतो" या तक्रारीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे दर तीस ते साठ सेकंदांनी येणारी एकच बारीक "टिक" किंवा "चिव". हा धुराचा इशारा नसून अलार्मची स्वतःबद्दलची तक्रार आहे : सेल उतरला आहे, किंवा उपकरणाचे आयुष्य संपले आहे. दुसरी म्हणजे सलग तीन मोठे आवाज, थोडी विश्रांती, पुन्हा तीन आवाज. हा धुराचा इशारा आहे, आणि तो खोटा आहे असे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठरवू नये. ज्या उपकरणात कार्बन मोनॉक्साइड ओळखण्याची सोय असते ते त्या वायूसाठी चार-चार आवाज देते. न्हाणीघरात गॅस गिझर असलेल्या घरांनी हा फरक पाठच करावा, कारण या वायूला रंग नाही आणि वासही नाही.

आवाज ओळखल्यावर दुसरे काम वहीचे. मी मुलीची एक अर्धवट वापरलेली वही घेतली आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी टिपल्या : तारीख व वेळ, कोणता अलार्म, आवाजाचा प्रकार, आणि त्या क्षणी घरात काय चालले होते. शेवटचा रकाना भरायचा सगळ्यांना कंटाळा येतो, पण निदान त्याच रकान्यातून होते. पुढे वही उघडली तेव्हा जवळजवळ सगळ्या नोंदी तीन गटांत आपोआप पडल्या.

पहाटेची चिवचिव

पहिला गट डिसेंबर-जानेवारीचा. वेळ नेहमी पहाटे तीन ते सहा, आवाज एकेरी, आणि सकाळी नऊनंतर सगळे चिडीचूप. त्यामुळे दिवसा कोणी लक्ष देत नसे आणि रात्री सगळे वैतागत. याचे कारण सेलच्या रसायनात आहे. तापमान उतरले की सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि त्याचा विद्युतदाब (व्होल्टेज) किंचित खाली येतो. सेल नवा असेल तर याचा काही परिणाम होत नाही, पण उतरणीला लागलेला सेल पहाटेच्या गारव्यात नेमका इशाऱ्याच्या मर्यादेखाली जातो आणि ऊन वर आले की पुन्हा वर येतो. ठाण्यासारख्या ठिकाणी थंडी ती कितीशी, पण सेल काठावर असेल तर तेवढीही पुरते.

उपाय साधा आहे, तरी त्यात चूक करता येते, आणि मी ती केली. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो तो बहुधा साधा झिंक-कार्बनचा असतो. तो स्वस्त असतो आणि काही महिन्यांत चिवचिव पुन्हा सुरू होते. अलार्मच्या पाठीवर लिहिलेल्या प्रकारचा, म्हणजे अल्कलाइन किंवा लिथियम, सेलच घालावा. पुन्हा चार्ज होणारा सेल वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्या प्रकारच्या अनेक सेलांचा मूळ दाबच ८.४ व्होल्ट असतो आणि अलार्मला तो जन्मतःच उतरलेला वाटतो. सेल बसवल्यावर त्याची टोके घट्ट टेकली आहेत ना हे पाहून चाचणीची कळ आवाज येईपर्यंत दाबून धरावी.

नवा, योग्य सेल घालूनही एकेरी आवाज येत राहिला तर अलार्म खाली उतरवून त्याची पाठ वाचावी. तेथे उत्पादनाची तारीख छापलेली असते. स्मोक अलार्मचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे धरतात, आणि ते उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, आपण तो भिंतीवर लावल्यापासून नव्हे. आमच्या तिघांपैकी एक दिरांच्या घरातून काढून आणलेला निघाला आणि त्यावर २०१४ साल होते. तो दुरुस्त होत नाही. तो बदलायचा असतो.

सेल बदलण्याचा दिवस आम्ही १४ एप्रिल ठरवला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. शिवाय त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी असल्यामुळे घरातले सगळे हाताशी असतात, हे व्यावहारिक कारणही आहेच.

फोडणी, पापड आणि जागेची चूक

दुसरा गट सर्वांत मोठा होता आणि त्यातल्या शेवटच्या रकान्यात लिहिलेले वाचून हसू येत असे : "पापड", "मिरच्या तळल्या", "तीळ भाजले", "गुरुवारचा धूप". येथे दोष स्वयंपाकाचा नसतो. अलार्मचा प्रकार आणि त्याची जागा या दोहोंपैकी एक किंवा दोन्ही चुकलेले असतात.

स्मोक अलार्म मुख्यतः दोन तत्त्वांवर चालतात. आयनीकरणाच्या प्रकारात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी द्रव्याचा अत्यल्प कण असतो. त्यामुळे दोन पट्ट्यांमधील हवेतून सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहत राहतो, आणि धुराचे कण आत शिरून तो प्रवाह घटला की अलार्म वाजतो. हा प्रकार अतिशय बारीक कणांना फार संवेदनशील असतो, आणि तापलेल्या तेलातून किंवा भाजताना निघणारे, डोळ्यांना न दिसणारे कण नेमके तसेच असतात. दुसऱ्या, प्रकाशीय प्रकारात आत एक लहान दिवा आणि त्याच्या थेट समोर नसलेला एक प्रकाशग्राहक असतो. धूर आत आला की प्रकाश विखुरतो, त्यातला थोडा ग्राहकावर पडतो आणि अलार्म वाजतो. गादी, सोफा किंवा वायर आतल्या आत धुमसते तेव्हा निघणारा जाडसर धूर हा प्रकार लवकर ओळखतो. भडकलेली ज्वाळा मात्र आयनीकरणाच्या प्रकाराला किंचित आधी कळते. आपल्या घरात दिवसातून दोनदा फोडणी होते आणि झोपायच्या खोल्या स्वयंपाकघरापासून चार पावलांवर असतात, म्हणून माझे मत स्पष्टपणे प्रकाशीय प्रकाराच्या बाजूने आहे. दिरांनी आणलेले तिन्ही अलार्म आयनीकरणाचे होते, हे त्यांच्या पाठीवरच्या मजकुरावरून कळले. असा अलार्म फोडू किंवा उघडू नये. तो टाकून द्यायचा असेल तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.

याच निमित्ताने परदेशी आप्तांकडून अलार्म मागवणाऱ्यांना एक सूचना. अमेरिकेत थेट घराच्या विजेवर चालणारे अलार्मही सर्रास मिळतात. ते तिथल्या १२० व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि आपल्या २३० व्होल्टवर जोडायचे नसतात. मागवायचाच असेल तर केवळ सेलवर चालणारा मागवावा.

आता जागा. चुलीपासून अलार्म निदान तीन मीटर दूर असावा असा संकेत आहे. आमचा अलार्म ओट्यापासून मोजून १.८ मीटरवर, दाराच्या चौकटीच्या वर होता, आणि धूर बाहेर पडण्याची वाटही नेमकी तीच. तो काढून झोपण्याच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोळकांडीत छतावर लावला आणि प्रत्यक्ष स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारा अलार्म बसवला. साधारण ५७-५८ अंश सेल्सिअसला वाजणारा हा अलार्म पापडाला दाद देत नाही. कढईने पेट घेतला तर मात्र तो वाजतो. लहान घरात तीन मीटर मिळतच नसतील तर प्रकाशीय प्रकाराचा, तात्पुरते गप्प करण्याची कळ असलेला अलार्म घ्यावा. ती कळ दाबल्यावर तो काही मिनिटे कमी संवेदनशील राहतो आणि मग आपोआप पूर्ववत होतो. सेल काढण्यात आणि ही कळ दाबण्यात हाच फरक आहे की सेल परत घालायला माणूस लागतो.

छतावर जागा निवडताना आपल्याकडच्या घरांत पंखा आडवा येतो. पात्याच्या टोकापासून निदान ९० सेंटीमीटर अंतर ठेवावे, नाहीतर चालू पंख्याचा झोत धुराला अलार्मपाशी पोहोचू देत नाही. एसीच्या झोतालाही हेच लागू आहे. भिंतीवर लावायचा असेल तर छतापासून दहा ते तीस सेंटीमीटर खाली लावावा. देवघर हॉलमध्ये असेल तर अलार्म त्याच्या डोक्यावर नसावा, एवढे केले की धूप-कापराचा प्रश्न बहुतांशी सुटतो. राहिलेला प्रश्न खिडकी उघडल्याने सुटतो.

पावसाळ्यातले गूढ

तिसऱ्या गटाने मला सर्वांत जास्त छळले. जून ते सप्टेंबर, निजण्याच्या खोलीतला अलार्म, पूर्ण तीन-तीनचा धुराचा इशारा, आणि घरात धुराचा मागमूसही नाही. माझे पती तर हे उपकरण भुताटकीचे आहे असे अर्धे गंमतीत आणि अर्धे गांभीर्याने म्हणू लागले होते. वहीतल्या वेळा एकाखाली एक लिहिल्यावर मात्र त्या सगळ्या सकाळी सहा दहा ते साडेसहाच्या दरम्यानच्या निघाल्या. आमच्याकडे सव्वासहाच्या सुमारास एसी बंद करून खिडकी उघडतात.

रात्रभर खोली २३ अंशांवर होती, म्हणजे अलार्मचे प्लॅस्टिक आणि आतला कक्षही तेवढाच थंड. खिडकी उघडताच पावसाळ्याची ओलसर, उबदार हवा आत आली आणि फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमते तसे बारीक दव अलार्मच्या आत जमले. (नवा प्रकाशीय अलार्म लावून तेव्हा तीन आठवडे झाले होते, त्यामुळे जुन्यालाही दोष देता येईना.) प्रकाशीय कक्षाला पाण्याचे सूक्ष्म थेंब आणि धूर यांतला फरक कळत नाही, दोन्ही प्रकाश विखुरतात. उपाय म्हणून अलार्म खिडकी आणि एसी या दोहोंच्या वाटेतून काढून दाराच्या बाजूला, आतल्या भिंतीजवळ नेला, आणि एसी बंद केल्यावर पंखा चालू करून दहा मिनिटांनी खिडकी उघडण्याची सवय लावली. त्यानंतरच्या पावसाळ्यात तो एकदाच वाजला, आणि त्या दिवशी पाहुण्यांनी आमची शिस्त मोडली होती. न्हाणीघराच्या दारासमोर अलार्म असेल तर गरम पाण्याच्या वाफेनेही हेच होते. तेथूनही तो किमान मीटरभर दूर हवा.

धूळ आणि किडे यांचे वेगळे सांगायला नको, तरी एक निरीक्षण नोंदवते. पहिल्या पावसानंतर दिव्यांभोवती पंखवाले कीटक येतात, आणि अलार्मवरचा लहान लुकलुकता दिवा त्यांतल्या काहींना पुरेसा होतो. आमच्या एका अलार्ममध्ये कोळ्याचे जाळे निघाले. स्वच्छतेसाठी सेल काढून, मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने जाळीभोवतीची धूळ ओढून घ्यावी. ओला फडका आत जाऊ देऊ नये आणि कीटकनाशकाचा फवारा त्या दिशेने मुळीच मारू नये. तो फवारा स्वतःच अलार्म वाजवतो आणि आतल्या भागावर थर ठेवून जातो. रंगकाम किंवा टाइल्स कापण्याचे काम निघाले तर अलार्म झाकून ठेवावा आणि कारागीर गेल्यावर त्याच संध्याकाळी उघडावा.

इमारतीची यंत्रणा वारंवार वाजत असेल तर

वर सांगितलेले सर्व घरातल्या सुट्या अलार्मबद्दल झाले. नव्या इमारतींमध्ये प्रत्येक सदनिकेत आणि जिन्यापाशी डिटेक्टर असतात आणि ते तळमजल्यावरच्या पॅनेलला जोडलेले असतात. तेथे चुकीचा इशारा एका घरात निर्माण होतो आणि झोप मात्र साऱ्या विंगची मोडते. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची धूरफवारणी आवारात आली की आमच्या इमारतीचे भोंगे हमखास वाजत. वॉचमन येऊन भोंगा बंद करत असे, आणि एका पावसाळ्यात तो कायमचाच बंद ठेवला गेला. पॅनेलवर पिवळा दिवा दोन महिने जळत होता आणि रोज त्याच्या खाली बसून आम्ही लिफ्टची वाट पाहत होतो.

पॅनेल ज्या ठिकाणचा इशारा दाखवते त्या ठिकाणाची नोंद भोंगा बंद करण्यापूर्वी करावी, ही सवय वॉचमनला लावणे हाच यावरचा खरा उपाय आहे. आम्ही पॅनेलशेजारी दोरीने वही आणि पेन बांधले. दीड महिन्यात कळले की निम्म्याहून अधिक इशारे दोनच डिटेक्टरांचे होते. त्यांतला एक कचऱ्याच्या खोलीबाहेर होता आणि त्याच्या बाजूची जाळी फाटलेली होती. धूरफवारणीचा दिवस आधी कळला तर त्या तासापुरता पॅनेलपाशी माणूस उभा करावा, आणि फवारणी संपताच भोंगा पूर्ववत केल्याची सही त्याच वहीत घ्यावी.

घरात जाऊन पाहणी केली तेव्हा याच्या अगदी उलट प्रकारही सापडला. कित्येक सदनिकांतल्या डिटेक्टरांवर बसवतानाची प्लॅस्टिकची टोपी तशीच होती आणि दोन घरांत डिटेक्टर पीओपीच्या छतावर गाडला गेला होता. हे डिटेक्टर कधीच चुकीचे वाजले नव्हते, आणि खरे तर कधीच वाजले नसते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये ज्या इमारतींना अशा यंत्रणा बंधनकारक आहेत त्यांनी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन अधिकाऱ्यांना सादर करायचे असते. सभासदाने आपल्या सोसायटीच्या कार्यालयात जाऊन ते शेवटचे प्रमाणपत्र पाहायला मागावे. त्यासाठी वार्षिक सभेची वाट पाहण्याचे कारण नाही. तपासणीला येणारा माणूस डिटेक्टरला प्रत्यक्ष चाचणीचा धूर देतो की नुसती पॅनेलची कळ दाबून निघतो, हे मात्र स्वतः उभे राहून पाहावे.

अलार्म खरा ठरला तर

अलार्म दुरुस्त झाल्यावर मी घरच्यांना पूर्वसूचना न देता एका शनिवारी रात्री साडेअकराला चाचणीची कळ दाबली. मुलगी कुशीवर वळून झोपली. सासूबाईंना जागच आली नाही. पती उठले आणि त्यांनी सवयीने अलार्म बंद करण्यासाठी स्टूल शोधले. त्यानंतर सर्वांना उठवून बाहेर पडण्यास सांगितले तेव्हा सेफ्टी डोअरच्या आतल्या कुलपाची किल्ली सापडेना. ती दुसऱ्या पँटच्या खिशात होती. सातव्या मजल्यावरून आम्ही तळाशी पोहोचलो तेव्हा सहा मिनिटे चाळीस सेकंद झाली होती. आगीत एवढा वेळ मिळत नाही.

सासूबाईंचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नेहमीच्या अलार्मचा आवाज तीन मीटरवर ८५ डेसिबल असतो, पण तो फार टिपेचा असतो, आणि वयोमानाने ऐकू येणे कमी होते ते आधी याच उंच स्वरांचे. ५२० हर्ट्झचा खर्जातला आवाज देणारे अलार्म अशा व्यक्तींना अधिक खात्रीने जागे करतात. मुलांची झोपही अलार्मला सहजी दाद देत नाही. म्हणून आमच्याकडे अलार्म आता एकमेकांना बिनतारी जोडलेले आहेत, एक वाजला की सगळे वाजतात, आणि सासूबाईंना उठवणे हे माझे व मुलीला उठवणे हे त्यांच्या मुलाचे काम ठरलेले आहे. ज्याचे काम त्याने करायचे, दुसऱ्याने आधी केले असेल असे धरून चालायचे नाही.

किल्लीसाठी दाराच्या आतल्या बाजूला, लहान मुलाचाही हात पोहोचेल इतक्या उंचीवर खिळा ठोकला. रात्री कुलूप लावल्यावर किल्ली तेथेच जाते. अधिक चांगले म्हणजे आतून किल्लीविना उघडणारी कडी. खिडक्यांच्या ग्रीलचा प्रश्न आपल्याकडे सर्वत्र आहे. चोर आत येऊ नये म्हणून केलेली पेटी माणसाला बाहेरही जाऊ देत नाही. आमच्या गॅलरीच्या ग्रीलला फॅब्रिकेटरकडून माणूस निघेल एवढे झाकण करून घेतले. सातव्या मजल्यावरून उडी मारण्यासाठी ते नाही. तेथे उभे राहून दिसता यावे आणि शिडीवरच्या जवानाला आपल्याला बाहेर घेता यावे, यासाठी ते आहे.

आराखडा करताना आग कोठे आहे त्यावर दोन वेगळे मार्ग ठरवावे लागतात, आणि हा फरक घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा. आग आपल्याच घरात असेल तर सर्वांनी बाहेर पडून दार मागे ओढून घ्यायचे, पण कुलूप लावायचे नाही. बंद दार आग आणि धूर बराच वेळ अडवते. गॅसचा रेग्युलेटर वाटेत असेल तर बंद करायचा, त्यासाठी परत जायचे नाही. लिफ्ट वापरायची नाही. आग खाली कोठेतरी असेल तर दार उघडण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने ते गरम आहे का पाहायचे, किंचित उघडून जिन्यात धूर आहे का पाहायचे, आणि धूर असेल तर जिन्यात पाऊल टाकायचे नाही. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग खालच्या मजल्यावर लागली आणि धूर वर चढला. सात जण दगावले. जिना हा इमारतीचा धुरांडा होतो. अशा वेळी रस्त्याकडे खिडकी असलेल्या एका खोलीत सर्वांनी जमून दार लावावे, फटीत ओले टॉवेल कोंबावेत, १०१ किंवा ११२ ला फोन करून इमारतीचे नाव, विंग, मजला आणि आपण नेमके कोणत्या बाजूच्या खोलीत आहोत हे सांगावे आणि खिडकीतून कपडा किंवा टॉर्च हलवावा. धूर आत येऊ लागला तर जमिनीलगत राहावे, कारण श्वास घेण्याजोगी हवा तेथेच उरते.

विझवण्याचा प्रयत्न फक्त आग कचऱ्याच्या डब्याएवढी असताना आणि दार आपल्या पाठीशी असताना करावा. आग विझवण्याच्या घरगुती लहान सिलिंडरची पावडर दहा-एक सेकंदांत संपते, हे अनेकांना तो पहिल्यांदा दाबताना कळते. कढईतले तेल पेटले तर गॅस बंद करून वर परात किंवा झाकण सरकवावे आणि ते थंड होईपर्यंत उचलू नये. पाणी कदापि टाकू नये. आणि गॅसचा वास आला तर स्मोक अलार्मची वाट पाहू नये, कारण त्याला गॅस कळत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, त्यामुळे त्याचा वेगळा सूचक खाली, जमिनीपासून फूटभर अंतरावर लावतात. वास आला तर कोणतेही बटण, अगदी दारावरची बेलसुद्धा, न दाबता रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि तेथून १९०६ ला कळवावे.

गेटजवळच्या बदामाच्या झाडाखाली आम्ही जमतो. तेथे डोकी मोजली जातात, आणि एखादे कमी भरले तरी कोणी पुन्हा वर जायचे नाही. ते जवानांना सांगायचे. दर तीन महिन्यांनी आम्ही हे करून पाहतो. दुसऱ्या खेपेला चार मिनिटे लागली, गेल्या खेपेला दोन मिनिटे पन्नास सेकंद. वहीच्या ताज्या नोंदीत उशिराचे कारण म्हणून "चपला" असे लिहिलेले आहे. सासूबाई अनवाणी जिना उतरायला तयार नव्हत्या, म्हणून आता त्यांच्या पलंगाखाली, उजव्या पायाशी, एक जोड कायम ठेवलेला असतो.